लवंगांवरचं नवरात्र

ज्या मशीननं सुवर्णा तोडकरची दोन बोटं घेतली आणि अंगठा अर्धवट सोडला, त्याच मशीनला दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घालण्यात आला. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. अपघात अष्टमीला झाला आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कोल्हापूरकडच्या सगळ्या फौंड्र्यांत त्या दिवशी मशीनं धुऊन, हळदकुंकू लावून पूजतात. एकच मशीन वगळलं तर बरं दिसणार नाही, असं कुणीतरी म्हणालं असणार. सेफ्टी ऑफिसर अभिजित देसाईंनी नारळ फोडला, फोटो काढला, कंपनीच्या पानावर टाकला आणि तो मोठा करून ऑफिसच्या दर्शनी भिंतीवरही लावला.

सुवर्णानं तो फोटो दवाखान्याच्या खाटेवर, डाव्या हातात मोबाइल धरून पाहिला. हार मशीनच्या संरक्षक दाराला अडकवलेला होता. हे दार बंद असलं तरच मशीन चालतं, उघडं असलं की आपोआप थांबतं, अशी त्याची रचना. फोटोत दार सताड उघडं होतं. आणि दार बंद आहे असं मशीनला वाटत राहावं म्हणून त्याचं बटण सुतळीनं करकचून बांधलेलं होतं. ऑर्डरची घाई असली की सगळेच बांधायचे, बांधायला सांगितलंच जायचं. सुतळीवर कुणीतरी कुंकवाचं बोटही ओढलं होतं.

"बघा की," ती नवऱ्याला म्हणाली, "सुतळीचीसुद्धा पूजा झाली."

रणजितनं चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिला. तो कामगारांची ने-आण करणारी बस चालवायचा. बोलण्यापेक्षा हॉर्न देणं त्याला सोपं जायचं. "नारळ मात्र सरळ फुटलाय," तो म्हणाला.

सुवर्णानं डोळे मिटून घेतले. हा माणूस नेमकं नको ते वाक्य कुठून शोधून आणतो, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं नव्हतं.

अंगठा वाचला होता, पण वळत नव्हता. आतली दोरी जोडायची दुसरी शस्त्रक्रिया बाकी होती, आणि ती जखमेचा व्रण कडक व्हायच्या आत व्हायला हवी होती. नाहीतर अंगठा हाताला नुसता शोभेला राहिला असता. शस्त्रक्रियेचा खर्च कंपनीच्या भरपाईतून व्हायचा होता, आणि भरपाई नामंजूर झाली होती.

"सुवर्णाताई, माझ्या हातात काही नाही," ती ऑफिसात भेटायला गेली तेव्हा देसाई म्हणाले.

दोन्ही हात धडधाकट असलेल्या माणसानं आपल्याला हे सांगावं, याचं तिला नवल वाटलं.

"जागल्या लाल होता," ते पुढं म्हणाले. "अपघाताच्या वेळी तुमच्या अंगात भांग होती. नियमच आहे तसा."

जागल्या म्हणजे मशीनवरच्या कामगारांनी दंडाला चिकटवायची बोटभर रुंदीची पट्टी. तिला येऊन दोन वर्षं झाली होती. गावोगावच्या वेशीवर पूर्वी रात्री पहारा करणारा जागल्या असायचा, त्याचं नाव हिला कुणी दिलं देव जाणे. पण हीसुद्धा झोपत नसे. ती घाम टिपायची आणि घामातून दारू, अफू, भांग यांचे अंश हुडकून मोजायची. आकडा कमी असला तर हिरवी, मध्यम असला तर पिवळी, वर गेला की लाल. रंग कामगाराला दिसत नसे, सेफ्टीच्या संगणकावर जाई. तिथं तो रोज बघायला कुणाला वेळ नसे. अपघात झाला की मात्र सगळे धावत जाऊन बघत.

पूर्वी कायदा असा होता की कामगार नशेत होता असं म्हणायचं तर अपघात त्या नशेनंच झाला हे मालकानं दाखवून द्यायचं. जागल्या आल्यावर नवा नियम आला. पट्टी लाल असेल तर कारण नशाच, असं धरूनच चालायचं. ज्याला हे पटत नसेल त्यानं उलट सिद्ध करावं. तोवर बाकीची चौकशी बंद.

"आणि ती सुतळी?" सुवर्णानं विचारलं. "तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर टांगलीय ती."

देसाईंनी मागं वळून पाहिलं नाही. "ते चौकशीत येईल. चौकशी झाली तर."

"आणि चौकशी कधी होणार?"

"पट्टी नशेनं लाल झाली नव्हती असं सिद्ध झाल्यावर. तुम्ही हरकत नोंदवा ना, ताई. बाहेर यंत्र आहे. फक्त उजव्या अंगठ्याचा ठसा लागेल."

सुवर्णानं बँडेजचा गोळा टेबलावर ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. देसाईंच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या, तेवढंच समाधान. बाहेर रणजितनं यंत्रावर स्वतःचा अंगठा टेकवून पाहिला, मग डावा, मग तर्जनी. यंत्र प्रत्येक वेळी गोड आवाजात ओळख पटली नाही म्हणालं. शेवटी युनियनचे आप्पा लोहार आले आणि त्यांनी हरकत कागदावर लिहून, शिक्का मारून, सरळ भरपाई आयुक्तांकडं नेऊन दिली.

आता ती भांग कुठून आली, हे सांगायला हवं.

सुवर्णा ज्या मशीनवर होती ते ओतकामासाठी वाळूचे गाभे बनवायचं. गाभ्यांच्या जड पेट्या उचलून तिचा खांदा वर्षभर ठणकत होता. गोळ्यांनी पोट बिघडलं, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉ. शबनम मुल्लाणींनी तिला विजयाचं तेल लिहून दिलं. विजया हे भांगेचंच वैद्यकी नाव. मेडिकलच्या दुकानात ते एव्हाना खोकल्याच्या औषधाशेजारी मिळू लागलं होतं, फक्त चिठ्ठी लागायची. रात्री जेवणानंतर जिभेखाली थोडे थेंब, की खांदा गप. सुवर्णानं चिठ्ठी कंपनीत दाखवली होती. चिठ्ठीवाल्यांना पिवळ्यापर्यंत मुभा होती. लाल म्हणजे कामावर येतानाच घेऊन आली, असा हिशेब.

आणि सुवर्णानं तर घट बसायच्या आदल्या दिवसापासून थेंब बंद केले होते. भांग घेऊन देवीपुढं बसायचं तिला पटेना. ती दरवर्षी नवरात्र लवंगांवर करायची. दिवसभरात चार-दोन लवंगा चघळायच्या आणि पाणी प्यायचं, बस. सासूनं धरलेलं व्रत होतं, सासू गेल्यावर तिनं उचललं. अष्टमीला तिच्या पोटात लवंग, पाणी आणि संताप यापलीकडं काही नव्हतं.

डॉ. मुल्लाणींनी जागल्याचा आलेख मागवून घेतला. पहिल्या माळेला पट्टी हिरवी होती. मग रेघ रोज थोडी चढत गेली आणि अष्टमीला लाल झाली.

"हे बघून कंपनी काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं.

"रोज डोस वाढवला म्हणतायत," आप्पा म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या आणि मग त्यांनी सुवर्णाला समजेल असं सांगितलं. दारू पाण्यात मिसळते. ती पाहुण्यासारखी येते, गोंधळ घालते आणि सकाळी निघून जाते. विजया पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. थोडा भाग तेवढा काम करतो, उरलेला जाऊन चरबीत बसतो आणि घरजावयासारखा तिथंच राहतो. महिनोन् महिने. तो तिथं बसलाय तोवर मेंदूला त्याचा काही त्रास नाही, जागल्यालाही तो दिसत नाही. पण माणूस उपाशी राहिला की शरीर साठवणीची कणगी उघडतं. चरबी जाळायला काढतं. तिच्याबरोबर हे जावईबापूही रक्तात येतात, घामात येतात. गुंगी यावी एवढे नसतात ते. पट्टी लाल व्हावी एवढे मात्र असतात.

"जागल्याला काय आहे ते कळतं," बाई म्हणाल्या. "कधीचं आहे ते कळत नाही. तू उपवास जितका कडक केलास तितकी जास्त नशेबाज दिसलीस."

सुवर्णानं आलेख स्वतःकडं ओढून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे मी खिचडी खाल्ली असती तर बोटं गेली तरी पैसे मिळाले असते."

"तसंच म्हण."

पहिल्या सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी नेमकी खिचडीच काढली. उंच, नीटनेटके, आवाजात तूप असलेले गृहस्थ. चरबीचं शास्त्र आपल्याला मान्य आहे, म्हणाले. पण ते उपाशी माणसाला लागू. महाराष्ट्रातला उपवास हा उपाशी राहण्याचा प्रकार नाही, हे आयुक्तांना सांगायला नको. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, वर केळ्याची कोशिंबीर. अशा उपवासात चरबी वितळत नाही, वाढते. आयुक्त बाई गंभीरपणे ऐकत होत्या, पण त्यांच्या टेबलावर झाकून ठेवलेल्या डब्यातून साबुदाण्याच्या वड्यांचा वास सगळ्या खोलीला येत होता. त्यांनी डबा हळूच पायाशी ठेवला.

"मी लवंगांवर होते," सुवर्णा म्हणाली.

"नऊ दिवस?"

"आठ. नवव्याला तुम्ही मशीनची पूजा करत होता, मी टाके घालून घेत होते."

"मग उपवास खराच असेल, तर अशक्तपणानं चक्कर आली असणार," वकील म्हणाले. "आणि खोटा असेल तर भांग."

"बरं झालं, दोन्हीकडून दार निर्दोष सुटलं," सुवर्णा म्हणाली. "मशीनचं."

आयुक्त बाईंनी हात वर केला. त्या वाईट नव्हत्या, फक्त त्यांचेही हात नियमानं बांधलेले होते, आणि हल्ली ज्याला भेटावं त्याचे हात कशानं ना कशानं बांधलेलेच असत. त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात ते एखाद्या माणसावर करून दाखवा. तेच तेल घेणारा, तेल सोडलेला आणि फक्त पाणी-लवंगांवर राहिलेला माणूस. कंपनीचा निरीक्षक शेजारी बसेल. पट्टी लाल झाली तर गृहीतक मोडलं, आणि मी चौकशी उघडते. पुढच्या महिन्यात या."

"मीच करते," दवाखान्यात परत आल्यावर सुवर्णा म्हणाली. "मला सवय हाय."

"वेड लागलंय का तुला?" डॉ. मुल्लाणींचा आवाज चढला. "जखम भरायला अंडी खा म्हणून मी सांगतेय, आणि तू उपाशी बसणार? अंगठा वाचवायचा खटला जिंकशील आणि अंगठाच राहणार नाही."

"मग दुसरं कोण बसणार? कुणाच्या बापाला पडलीय?"

आप्पांनी विजया घेणाऱ्या तिघाचौघांना विचारून पाहिलं होतं. उपाशी राहायला एखादा तयार झाला असता, पण आयुक्तांपुढं स्वतःचं नाव द्यायला कुणी तयार नव्हतं. बाई कपाळ चोळत होत्या. आप्पा छताकडं बघत होते. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या रणजितनं घसा खाकरला. त्याचा घसा एरवीही सारखा खाकरत असे, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

"मी बसलो तर चालंल काय?" तो म्हणाला.

"अहो, ते तेल घेणारा माणूस लागतो," सुवर्णा वैतागून म्हणाली. "ऐकताय काय तुम्ही?"

"तेच म्हणायलोय."

आप्पांची नजर छतावरून खाली आली.

"कंबर धरायची गं गाडी चालवून," रणजित जमिनीकडं बघत बोलत होता. "तुझा खांदा थांबला म्हटल्यावर मी बी बघितलं घेऊन. रात्रीचं, ड्यूटी संपल्यावर. दिवसा कधी न्हाई. आईशप्पथ."

"कधीपास्नं?"

"तू सुरू केलीस त्याच्या पुढच्या आठवड्यापास्नं."

सुवर्णाच्या डोळ्यांपुढं मेडिकलवाला मालू शेट्टी उभा राहिला. वर्षभर ती त्या गरीब माणसाशी भांडत होती. बाटली अर्धीच भरून देतोस, गरिबाला लुटतोस, तुझं कधी भलं व्हायचं नाही, असं ती त्याला भर दुकानात चार गिऱ्हाइकांपुढं म्हणाली होती. तो बिचारा दर वेळी बाटली उजेडात धरून दाखवायचा.

"दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचं औषध घ्यायचं नसतं, एवढंही कळत नाही?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"घरातच हुतं की, बाई. घरातलं औषध म्हणजे..." रणजितनं वाक्य अर्धं सोडलं. घरातलं औषध म्हणजे सगळ्यांचं, हे त्याला इतकं उघड वाटत होतं की पुढं काय बोलावं ते सुचेना.

बाई थोड्या वेळानं हसू लागल्या. त्याच्या सुटलेल्या पोटाकडं बोट करून म्हणाल्या, "कणगी तर भरलेली दिसतेय."

दोघं घरी पोचली. दाराचं कुलूप डाव्या हातानं उघडताना सुवर्णाचा बांध फुटला.

"तुमचा बिल्ला जाईल. कळतंय का? ड्रायव्हरला विजया अजिबात चालत नाही, चिठ्ठी असली तरी. आयुक्तांपुढं हो म्हणालात की त्याच दिवशी बिल्ला जमा. तीन वर्षं गाडीला हात लावता यायचा नाही."

"ठावं हाय."

"ठावं हाय म्हणे. तुम्हाला गाडीशिवाय दुसरं काय येतं?"

रणजितनं विचार केला. "हॉर्न दुरुस्त करता येतो," तो म्हणाला.

"हसू नका. मला राग आलाय."

"मी कुठं हसायलोय." त्यानं तिच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि दार उघडलं. "बिल्ला परत काढता येतो गं. पत्र्याचा तर असतो. अंगठा काय परत काढून देणार हाय कोण?"

तिनं आत जाऊन डाव्या हातानं चहाचं भांडं गॅसवर आदळलं.

आधी काही दिवस तेल बंद करून रणजितची पट्टी हिरवी होऊ दिली. मग डॉक्टरांनी त्याला वॉर्डातली खिडकीजवळची खाट दिली, आणि उपवास सुरू झाला. रविवारी तांबड्या रश्श्याची वाटी चुकली तर आठवडा फुकट गेला म्हणणारा, रात्री कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पिणारा हा माणूस लवंगांची पुडी उशाशी घेऊन पडला. शेजारी कंपनीचा निरीक्षक खुर्ची टाकून बसला. प्रथमेश नावाचा, चष्मेवाला, सभ्य. त्याच्याकडं खाटेवर रोखलेला एक कॅमेरा होता आणि जेवणाचा डबा होता. तो डबा कॉरिडॉरमध्ये जाऊन खायचा, पण परत यायचा तेव्हा त्याच्याबरोबर लसणाची चटणी यायची.

"ह्या लवंगेत काय हाय सांग बरं," रणजित म्हणायचा. "तोंड भाजतंय आणि पोट हसतंय."

"सासूबाईंचं व्रत आहे ते. नीट बोला."

"आई करायची तेव्हा मी शेजारी बसून पुरणपोळी खायचो. कधी म्हणाली न्हाई खाऊ नको." मग त्यानं लवंग दुसऱ्या गालात सरकवली. "तू बी कधी म्हणाली न्हाईस."

सुवर्णानं त्याच्या पांघरुणाची घडी उगाच सारखी केली.

पट्टी हळूहळू चढत होती. हिरव्याची पिवळी झाली तेव्हा डॉ. मुल्लाणी खूश झाल्या. आणि मग एका सकाळी रेघ खाली आली. चांगली ढळढळीत खाली. लाल व्हायची ती परत हिरवी झाली होती. सुवर्णानं आलेखाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. रणजित भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेत होता. सोंग घेताना तो कधीच घोरत नसे, आणि खऱ्या झोपेत कधी थांबत नसे.

"काय खाल्लंत?"

"कुठं काय."

"रणजित."

ती नाव घेऊन हाक मारत नसे. तो उठून बसला. बाजूच्या खाटेवरच्या पोराची आजी होती, तो सांगू लागला. गडहिंग्लजकडची. सारखी म्हणायची, काय रं लेकरा, कोण न्हाई व्हय तुला डबा आणायला. काल संध्याकाळी तिनं पोळीचे लाडू काढले. तूप-गुळाचे. एक हातावर ठेवला. नको म्हटलं तर तिचे डोळे भरले. "एवढ्या मायेनं द्यायलीय म्हटल्यावर न्हाई कसं म्हणायचं, तूच सांग. एकच खाणार हुतो."

"किती खाल्लेत?"

"ती परत परत द्यायली की."

सुवर्णा खुर्चीत बसली. तिला ओरडायचं होतं, पण वॉर्डात आजारी माणसं होती. हिच्या अंगठ्यासाठी हा उपाशी बसला, आणि एका अनोळखी म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून तो अंगठा त्यानं लाडवाबरोबर गिळला. सुनावणी तोंडावर आली होती. व्रण कडक होत होता. मशीनचं दार बंद ठेवता आलं नाही या माणसांना, आणि ह्याला स्वतःचं तोंड.

डॉक्टरबाई आलेख घेऊन आल्या तेव्हा ती त्यांना म्हणाली, "संपलं, बाई. ह्यांनी लाडू खाल्ले."

"कधी?"

"काल संध्याकाळी."

बाईंनी आलेखावर बोट ठेवलं. मग खुर्ची ओढून त्या खाली बसल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की सुवर्णाला वाटलं ह्यांचंही डोकं फिरलं.

"संध्याकाळी खाल्लं आणि रात्रीतून रेघ उतरली," त्या म्हणाल्या. "गूळ मिळाल्यावर शरीरानं चरबी जाळणं थांबवलं, कणगीचं झाकण लागलं. अगं, नुसती चढती रेघ असती तर वकील म्हणाले असते, चोरून तेल घेतलं. पण पोटात लाडू गेला की उतरणारी नशा मी तरी ऐकलेली नाही." त्या रणजितकडं वळल्या. "आता आजपासून परत लवंगा. रेघ पुन्हा चढली पाहिजे. आणि त्या आजींची खाट मी दुसरीकडं हलवतेय."

रणजितनं पुन्हा लवंग तोंडात टाकली. या वेळी सुवर्णा तिथंच बसून राहिली. पट्टी पिवळी झाली, आणि एका दुपारी, तो खिडकीबाहेर वळणं घेणाऱ्या बसगाड्या बघत पडला असताना, लाल झाली. प्रथमेशनं संगणक तिच्याकडं वळवून दाखवला. ज्या लाल रंगानं तिचं सगळं नासवलं होतं तोच समोर होता, आणि तिला तो एखाद्या नव्या साडीसारखा वाटला. मग तिला बिल्ला आठवला.

"अजून नाही म्हणता येतं," ती हळूच म्हणाली. "आपण नाव मागं घेऊ."

"एवढ्या लवंगा काय फुकट चघळल्या व्हय," रणजित म्हणाला.

सुनावणीत त्याला उभं केलं तेव्हा त्याची पँट कंबरेवर दोरीनं आवळलेली होती. आयुक्त बाईंनी विचारलं, "तुम्ही बसचालक असून हे तेल घेत होता?"

"व्हय."

"याचा परिणाम माहीत आहे?"

"व्हय." त्यानं खिशातून बिल्ला काढला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि टेबलावर ठेवला. कुणी मागितला नव्हता.

वकील लाडवांवर घसरले. उपवासच मोडला, तर प्रयोग कसला. शिवाय लाडू खरोखर खाल्ले की ही मागाहून रचलेली गोष्ट, कोण सांगणार? कॅमेऱ्यात तर काही दिसत नाही. त्या वेळेला कॅमेऱ्यापुढं आजीची पाठ आहे.

"तुमचा निरीक्षक तिथं होता ना," आयुक्त बाई म्हणाल्या. "त्यांनाच विचारते."

प्रथमेश उठला. त्यानं चष्मा सारखा केला, देसाईंकडं पाहिलं, वकिलांकडं पाहिलं, आणि खाली पाहिलं.

"खाल्ले," तो म्हणाला.

"तुम्ही पाहिलंत?"

"हो."

"मग नोंद का केली नाहीत?"

प्रथमेशचा आवाज अगदी बारीक झाला. "आजींनी मलापण दिले होते. मी... दोन खाल्ले. नको म्हणालो होतो मी."

आयुक्त बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. ते हसून आलेलं पाणी होतं की नाही, हे सांगता येणार नाही. मग त्यांनी पट्टीचं गृहीतक मोडल्याचं लिहून घेतलं, चौकशी उघडली, शस्त्रक्रियेची रक्कम तोवर कंपनीनं ताबडतोब भरावी असं सांगितलं, आणि विचारलं, "आता मशीनबद्दल कुणाकडं काही आहे?"

सुवर्णानं मोबाइल डाव्या हातानं पुढं सरकवला. झेंडूचा हार, नारळ, उघडं दार आणि कुंकू लावलेली सुतळी.

बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. "हा कुठून मिळवलात?"

"मिळवायचा कशाला," सुवर्णा म्हणाली. "त्यांच्या भिंतीवर चौकटीत लावलाय. तुम्हाला बघायची परवानगी नव्हती, एवढंच."

देसाई आता आपल्या दोन्ही हातांकडं बघत होते.

बाहेर पडल्यावर आप्पांनी चहा पाजला, आणि रणजितनं त्यात चार खारी बुडवून खाल्ल्या. पाचवी उचलताना त्यानं सुवर्णाकडं पाहिलं. तिनं बशी त्याच्याकडं सरकवली. मग ती दोघं सिटी बसनं घरी निघाली. ड्रायव्हरच्या मागचीच सीट मिळाली. रणजितनं सवयीनं खिशात हात घातला, बिल्ल्याची जागा चाचपली आणि हात बाहेर काढला. डेपोत बस धुवायचं काम मिळंल म्हणालेत, असं तो मध्येच म्हणाला, पण ते त्यानं खिडकीला सांगितलं.

गाडीचा ड्रायव्हर तरुण होता आणि घाईत होता. प्रत्येक वळणावर रणजितचा उजवा पाय रिकाम्या फळीवर दाबला जायचा. समोर रिक्षा आली की दाबायचा. सिग्नल पिवळा झाला की दाबायचा. सुवर्णानं थोडा वेळ सहन केलं.

"अहो, पाय गप ठेवा की. तुम्ही दाबून ती गाडी थांबणार आहे काय?"

"न्हाई थांबत," तो म्हणाला, आणि पाय मागं घेतला.

तिनं बँडेजचा हात त्याच्या गुडघ्यावर टेकवला. उजव्या हातानं तिला सध्या टेकवण्यापलीकडं काही करता येत नव्हतं. मालू शेट्टीच्या दुकानाआधीचं ते मोठं वळण आलं. उद्या त्याच्याकडं जाऊन भर दुकानात, जमलं तर चार गिऱ्हाइकांपुढं, माफी मागायला हवी, हे तिच्या मनात येतंय तोच समोरून ट्रक आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, गाडी कलली, आणि सगळं सरळ झालं.

रणजितचा पाय हलला नव्हता. फळीवर करकचून दाबलेला पाय तिचा होता.